शेवटपर्यंत ऐकणाऱ्या भोयर बाई

परवा एक गिऱ्हाईक दुकानातून पेनड्राइव्ह खिशात टाकून निघालं. पोराच्या बारशाचे फोटो होते. दारातून त्याने विचारलं, "झालं ना भाऊ कॉपी?" मी "झालं" म्हणणार, तेवढ्यात माझ्या तोंडून भलतंच निघून गेलं. "उघडून पाह्य आधी. पहिला नाई, शेवटचा फोटो पाह्य." तो माझ्याकडे बघतच राहिला. मीही जरा चमकलो, कारण वाक्य माझं नव्हतं. भिंतीपलीकडचं होतं.

भिंत म्हणजे चामोर्शीच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आणि भोयर बाईंचा कॉम्प्युटर क्लास यांच्यामधली. एकाच विटेची. माझ्याकडचा रेडिओ त्यांना ऐकू जायचा आणि त्यांच्या शिव्या मला. शिव्या म्हणजे तशा नाहीत, बाई कुळवंत होत्या, पण "काय केलं?" हा त्यांचा प्रश्न शिवीइतकाच लागायचा. मशीन बिघडलं की पोरं सांगायची, "बाई, आपोआप बंद झालं." बाई म्हणायच्या, "आपोआप पाऊससुद्धा येत नाई. काय केलं, ते सांग." चहा आला की मी भिंतीवर टकटक करायचो. त्यांनी उलट टकटक केली तर चहा, नाही केली तर काहीतरी कॉपी होत आहे असं समजायचं.

कॉपी होत असताना बाई बसत नसत. टेबलाला हात टेकून उभ्या राहायच्या आणि पडद्याकडे असं बघायच्या, जसं काही दूध उतू जाईल. जुन्या मशीनवर एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरकडे कागद उडत जाताना दिसायचा. साऱ्या दुनियेला तो कागद बघून समाधान व्हायचं. बाईंना नाही. "कागद उडून राह्यला एवढंच दिसते," त्या म्हणायच्या, "त्याच्यावर काय लिवलं गेलं ते कुठी दिसते?"

हे त्यांनी एकदा वर्गात समजावून सांगितलं होतं आणि मी ते भिंतीआडून शिकलो. फुकट. त्यांनी डस्टर उचलून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ठेवलं असणार, कारण आवाज झाला. मग म्हणाल्या, "हे उचलून ठेवनं झालं. कॉपी म्हंजे हे नाई. कॉपी म्हंजे पाहून लिवनं. मशीन इकडचं पाहते आन तिकडं नव्यानं लिवते. पाहताना डुलकी लागली, लिवताना हात हालला, का गेलं. आन मशीन सांगत नाई. ते म्हनते, झालं." त्या दिवसापासून मी झेरॉक्सची प्रतसुद्धा गिऱ्हाइकाला देण्याआधी खालच्या कोपऱ्यापर्यंत बघू लागलो, आणि माझ्या धंद्याचं नाव झालं ते तिथपासून.

नम्रता हा गुण बाईंच्या वाट्याला आलाच नव्हता. "गडचिरोली जिल्ह्यात कॉम्प्युटर समजनारे दोनच लोक आहेत," असं त्या चहा पिताना सांगायच्या आणि मग जरा आठवल्यासारखं करून म्हणायच्या, "दुसऱ्याचं नाव काई मले आठवत नाई." लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कोणी विचारलं तर म्हणायच्या, "वेळ नाई भेटला. मशिनी नादुरुस्त होत्या." पर्समध्ये पावडर, कंगवा यांच्याऐवजी एक चपटा पेचकस, एक मऊ ब्रश आणि शाळकरी पोरं वापरतात तसलं खोडरबर असायचं. खोडरबर कशाला, असं मी पुष्कळ दिवस मनात विचारत होतो. कॉम्प्युटरवर कोण पेन्सिलीनं लिहितं?

आभार मात्र त्यांना अजिबात खपत नसत. एकदा एका गुरुजींच्या घरच्या फोटोंचं काहीतरी काम त्यांनी करून दिलं. गुरुजी दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन हजर. "थँक्यू बाई." बाईंनी विचारलं, "शेवटचा फोटो उघडून पाह्यला?" गुरुजी म्हणाले, "नाई, अजून तर नाई पाह्यला." "मग पेढे वापस ने. पाहून ये." गुरुजी रागानं गेले आणि संध्याकाळी पेढे आणि पेनड्राइव्ह दोन्ही घेऊन परत आले, शेवटचे फोटो अर्धे राखाडी निघाले होते. बाईंनी आधी पेढा खाल्ला, मग फोटो नीट करून दिले. चूक कोणाची, हे त्या दोघांनीही काढलं नाही. पण गुरुजी त्यानंतर गावभर सांगत फिरले, की या बाईचं तोंड तिखट आहे आणि काम मात्र देवाघरचं आहे.

बाई आता नाहीत. गुडघे गेले तेव्हा त्या वरोऱ्याला भावाकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. मला त्या आठवतात ते सुनीताच्या मुलीच्या लग्नामुळे, म्हणून तेच सांगतो.

सुनीता मार्कंड्याच्या अलीकडे नदीकाठच्या गावची. नवरा वैनगंगेत आणि गावच्या तलावात मासे धरायचा, ती आमच्या बाजारात बसायची. मे महिन्यात, ऊन असं की डांबराला चप्पल चिकटावी, ती माझ्याकडे लग्नाची पत्रिका छापायला म्हणून आली आणि पत्रिकेचं बोलता बोलता रडायलाच लागली. बाजारात मासळीचा भाव अर्धा केला तरी न रडणारी बाई. मी पाण्याचा ग्लास दिला आणि भिंतीवर टकटक केली. रडणाऱ्या बाईमाणसाचं काय करावं, ते मला कधीच कळलं नाही.

भोयर बाई आल्या. सुनीताने सांगितलं ते असं. त्यांच्या घराण्यात मांडवावर जांभळाच्या डहाळ्या चढल्या की नवरीच्या आजीनं गाणं उचलायचं. तिनं उचलल्याशिवाय हळद लागत नाही. सुनीताची माय पारबताबाई म्हणजे त्या पंचक्रोशीतला आवाज. दुसऱ्यांच्या मांडवातसुद्धा तिला बोलावणं यायचं. पण तिला लकवा मारला, उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. बाई जिवंत, डोळे जिवंत, पण शब्द नाही.

"दुसरी कोनी उचलू शकत नाई काय?" बाईंनी विचारलं.

"आजी वारली असती तर थोरल्या काकीनं उचललं असतं," सुनीता म्हणाली. "आजी समोर बसून आहे, बाई. तिच्यासमोर दुसरीनं उचललं तर ते तिले जितेपनी बाजूले सारल्यासारखं होते. थे मी कशी करू?"

आणि उपाय होता. पारबताबाईचा आवाज होता. गावच्या मच्छीमार सोसायटीत हिशेबासाठी घेतलेला एक जुनाट कॉम्प्युटर होता, विंडोज अठ्ठ्याण्णव घातलेला. सोसायटीचे सेक्रेटरी सुखदेवभाऊ हौशी माणूस. त्यांनी फार वर्षांपूर्वी माईक लावून पारबताबाईचं हळदीचं गाणं त्याच्यात भरून ठेवलं होतं. मशीनचा स्वतःचा आवाज कधीच बंद पडला होता, म्हणून सुनीताच्या भाच्यानं गाणं पेनड्राइव्हवर कॉपी करून आणलं. घरी मोबाइलला जोडून लावलं. सुरुवात झकास. पोरींनी टाळ्या पिटल्या. आणि मग मधेच तडतड, तडतड, कढईत मोहरी टाकल्यासारखी, आणि मायचा आवाज बुडूनच गेला त्यात. गडचिरोलीच्या एका दुकानदारानं ऐकून सांगितलं, मूळ फाईलच सडली आहे, आता काही होणार नाही. फार तर हार्ड डिस्कची चकती दुरुस्त करायचा प्रोग्राम चालवून बघा.

"चालवला काय?" बाई एकदम उभ्या राहिल्या.

"सुखदेवभाऊ आज चालवनार आहेत."

बाईंनी सुनीताच्या हातातला फोन जवळजवळ ओढूनच घेतला. "सुखदेवभाऊ, मी चामोर्शीवरून भोयर बाई बोलून राह्यली. मशीन बंद करा. काईच चालवू नोका. मी येतपर्यंत त्याले हातसुद्धा नोका लावू." मग फोन परत देऊन सुनीताला म्हणाल्या, "आजारी मानसाच्या हाती कोनी सुरी देते काय? तो प्रोग्राम मूळ फाईलवरच लिवते. होतं नव्हतं ते जाईन."

मला शटर ओढायला लावून बाई माझ्या मोटरसायकलवर बसल्या; सुनीता मागून ऑटोनं निघाली. वाटेत त्यांनी फक्त एकदा तोंड उघडलं, तेही खड्ड्याबद्दल.

सोसायटीची खोली म्हणजे जाळी, दोऱ्या, वजनकाटा आणि मधोमध टेबलावर पांढऱ्याचं पिवळं झालेलं ते मशीन. त्याच्या पाठीमागे खिडकीत कूलर, आणि कूलरचं तोंड सरळ मशीनकडे. सुखदेवभाऊ स्वतः दुसऱ्या कोपऱ्यात घामानं निथळत बसले होते. वर्षानुवर्षं असंच. आमच्याकडच्या उन्हाळ्यात माणूस भाजतो, तर बिचाऱ्या मशीनचं काय होत असेल, या मायेपोटी त्यांनी थंडावा सगळा त्याला दिला होता. कूलरच्या पाण्याचा ओलसर गारवा खोलीभर होता. बाईंनी तो एकदा नाकानं घेतला, कूलरकडे बघितलं, सुखदेवभाऊंकडे बघितलं आणि काहीच बोलल्या नाहीत. मी त्यांना ओळखत होतो. त्या गप्प राहिल्या, तेव्हाच मला कळलं की काहीतरी सापडलं.

पण बाई सापडलं म्हणून सोडणाऱ्यांपैकी नव्हत्या. त्यांनी मशीन सुरू करून तीच फाईल पुन्हा कॉपी केली, आणि मग आणखी एकदा, दुसऱ्या पेनड्राइव्हवर. उभ्यानं. मग मोबाइलला जोडून दोन्ही ऐकल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकीत तडतड गाण्याच्या मध्यावर होती. दुसरीत मध्य अगदी स्वच्छ आणि तडतड दुसऱ्याच ठिकाणी.

सुनीता म्हणाली, "म्हंजे दोन्ही खराब."

"म्हंजे मूळ चांगलं आहे," बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. "मूळ सडलं असतं तर दर खेपेले एकाच जाग्यावर सडकं आलं असतं. इथी दर खेपेले जागा बदलून राह्यली. तुह्या मायचं गानं चकतीवर साबूत आहे. ते इकडून तिकडं नेनारा हात थरथरून राह्यला."

मला तेव्हा वाटलं, डॉक्टरही असं सांगताना इतकं सोपं बोलत नाही. दुकानदारानं मेलं म्हणून सांगितलेलं माणूस बाईंनी नुसतं दोनदा ऐकून जिवंत ठरवलं होतं.

मी मोठ्या शहाणपणानं म्हटलं, "चकती काढून तुमच्या क्लासमधल्या मशीनले लावू ना." बाई म्हणाल्या, "माह्या मशिनी नव्या आहेत, याची जुनी रुंद वायर त्याले लागत नाई. तुमच्या गाडीवर ते खड्डे खाऊन ही चकती जिवंत पोचनार पन नाई. उभे राहा तिकडं." मी तिकडं उभा राहिलो.

मग पर्स उघडली. पेचकसानं मशीनची पाठ खोलली. आत माती नव्हती, सुखदेवभाऊ पुसत असावेत. पण धातूच्या कडांवर पांढरे क्षार चढले होते, कूलरच्या जाळीवर चढतात तेच. बाईंनी त्यातून बोटाएवढी रॅमची पट्टी काढली. कॉपी होताना फाईल क्षणभर ज्या हातात असते, तो हा हात, असं त्यांनी सुनीताला सांगितलं. आणि मग खोडरबर काढलं. पट्टीची सोनेरी कडा त्या खोडरबरानं हळूहळू, शाळेतल्या पोरीसारखं जीभ दातात धरून, घासत बसल्या. खोडरबर काळं होत गेलं आणि कडा पिवळी चमकायला लागली. इतक्या वर्षांची माझी शंका फिटली.

सुखदेवभाऊ वाकून बघत होते. त्यांनी हळूच विचारलं, "बाई, हे काऊन झालं? मी तर जिवापाड जपलं त्याले."

"काय केलं?" हा प्रश्न आता येणार, हे मला ठाऊक होतं. जन्मभर पोरांना, गुरुजींना, मला, कोणालाही त्यांनी तो सोडला नव्हता. उत्तर त्या खिडकीत फरफर फिरत होतं. सुनीतासमोर, दारात जमलेल्या गावासमोर एक वाक्य बोलायचा अवकाश होता.

बाईंनी पट्टीवर फुंकर मारली. "तुमी जपलं म्हनूनच इतकी वर्सं चाललं," त्या म्हणाल्या. "आता ते म्हातारं झालं, भाऊ. म्हाताऱ्या मानसाले गार हवा सोसत नाई. आजपासून कूलर तुमच्याकडं फिरवा." आणि स्वतः उठून त्यांनी कूलरचं तोंड सुखदेवभाऊंच्या खुर्चीकडे वळवलं. सुखदेवभाऊ बसले, सदऱ्याची वरची गुंडी सोडली, आणि त्यांच्या तोंडावर वारा लागलेला मी बघितला. बाई तिखट आहेत असं जो कोणी म्हणेल त्याला मी ही गोष्ट सांगतो.

पट्टी बसवली. पुन्हा दोन कॉपी. बाईंनी त्या आपल्या क्लासमध्ये नेल्या आणि काळ्या पडद्यावर एक जुनी आज्ञा देऊन दोन्ही फायलींमध्ये काही फरक आहे का, ते मशीनला विचारलं. मशीन म्हणालं, फरक नाही. कोणीही तिथे थांबलं असतं. बाईंनी ती फाईल लावली आणि शेवटपर्यंत ऐकली. भिंतीअलीकडे मीही ऐकली.

वैनगंगा माय, तुह्यं पानी हळू आन,
हळदीच्या अंगाची माही पोरगी लहान.

काय तो आवाज होता. जाडाभरडा, उन्हात तापलेला, कुठेही न थरथरणारा. मी झेरॉक्सचं मशीन बंद करून बसून राहिलो. एक गिऱ्हाईक परत गेलं, त्याचं मला काही वाटलं नाही.

हळदीच्या दिवशी आम्ही दोघं गेलो. बाई कोणाकडे जेवायला जात नसत, पण "स्पीकर वेगळा असतो, तिथं ऐकल्याशिवाय काई खरं नाई" असं त्यांनी मलाच बजावलं. मांडवावर जांभळाच्या ओल्या डहाळ्या चढल्या. पारबताबाईला उचलून पाटावर बसवलं. डावा हात मांडीवर, उजवा ओच्यात निपचित. नवरी समोर. सुनीताच्या भाच्यानं बटण दाबलं.

आवाज आला आणि बायका गप्प झाल्या. मी पारबताबाईकडे बघत होतो. तिने आधी इकडेतिकडे बघितलं, कोण गातं म्हणून. मग तिला कळलं. तिचा डावा हात मांडीवर ताल धरू लागला आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सुनीता रडत होती, काक्या रडत होत्या, मीही रडत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. बाई तेवढ्या रडत नव्हत्या. त्या स्पीकरला कान लावून उभ्या होत्या, तडतड येते का ते ऐकत.

तडतड आली नाही. पण मधेच गाणं एकदम तुटलं. ओळ संपली आणि शांतता.

बाईंनी माझी बाही धरली. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. "भाऊ, कापली गेली काय फाईल? मी तर शेवटपर्यंत ऐकली."

मागून सुखदेवभाऊ ओशाळून म्हणाले, "नाई बाई, तेवढीच आहे. तेव्हा चहा आला होता, म्हनून मीच बंद केलं. पुढचं भरलंच नाई."

हळदीची वाटी तशीच धरलेली. पण पारबताबाईचा हात थांबला नव्हता. गाणं संपलं तरी मांडीवर ताल चालूच होता, आणि ती सुनीताकडे बघत होती. सरळ तिच्याकडेच. हात पडायचा आणि ती वाट बघायची, पुन्हा पडायचा, पुन्हा वाट बघायची. सुनीताला कळायला जरा वेळ लागला. मग तिने पदर सावरला आणि मायच्या हातावर नजर ठेवून पुढची ओळ उचलली.

वैनगंगा माय, तुह्या काठाले सावली,
पोरगी निंगाली, मांगं राह्यली मावली.

आवाज तोच नव्हता. कच्चा होता, मधेच भरून येत होता. पण पारबताबाईची मान हलली आणि मग काक्यांनी साथ धरली, आणि नवरीच्या गालाला हळद लागली.

सगळी गर्दी पाटाभोवती झाली. बाई स्पीकरपासून हलून मांडवाच्या खांबाशी उभ्या राहिल्या होत्या, एक हात खांबाला टेकून, क्लासमध्ये टेबलाला टेकायच्या तसा. सुनीता गात होती तोवर त्या बसल्या नाहीत. एकेक ओळ ऐकत होत्या, पापणी न हलवता. गाणं संपल्यावर सुनीता हळदीच्या हातांनी त्यांच्याकडे आली. तिला आभार मानायचे होते. मला वाटलं, आता बाई विचारणार, शेवटपर्यंत ऐकलं काय म्हणून.

बाईंनी काही विचारलं नाही. वर्गात एखाद्या पोरीची कॉपी बिनचूक उतरली की त्या नुसती मान हलवायच्या, तशी त्यांनी सुनीताकडे बघून मान हलवली.